शरीरातील लोहाचा ताळेबंद

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या घरात दर तीन आठवड्यांनी एक दिवस रक्तासाठी राखून ठेवलेला असतो. दुकानातील गर्दी, शाळेची परीक्षा, नात्यातले लग्न यांपैकी कशासाठीही तो दिवस फार पुढे ढकलता येत नाही. हिमोग्लोबिन उतरले की मूल मलूल होते, रक्त चढले की दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळू लागते. त्यामुळे रक्त मिळाले म्हणजे आजार आटोक्यात आला, अशी आईवडिलांची समजूत होते. रक्ताचा प्रश्न समाजाने बऱ्याच अंशी सोडवलाही आहे. महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने गावोगावी रक्तदान शिबिरे भरतात, व्यापारी मंडळे आणि युवक मंडळे पिशव्यांचे आकडे अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे. परंतु ज्यांना नियमित रक्त मिळते अशा रुग्णांचा मृत्यू रक्ताच्या अभावी क्वचितच होतो. तो पुष्कळदा त्याच रक्तातून आलेल्या लोहामुळे होतो, आणि ऐन तारुण्यात होतो.

हे विधान प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. लोह वाढावे म्हणून गूळ, खजूर, पालेभाज्या खाव्यात, टॉनिक घ्यावे, हे घरोघरी सांगितले जाते. मग तेच लोह घातक कसे ठरते? उत्तर शरीराच्या हिशेबपद्धतीत आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याइतके. अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोह आत शोषले जाते, आणि त्वचेच्या व आतड्याच्या पेशी झडताना तेवढेच बाहेर जाते. जादा झालेले लोह बाहेर टाकणारी स्वतंत्र व्यवस्था मात्र शरीराकडे नाही. लघवीवाटे क्षार जातात तसे लोह जात नाही. या खात्याला जमेची बाजू आहे, नावेची जवळजवळ नाहीच. एरवी यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक आतड्याच्या दारावर पहारा ठेवून आवक मर्यादित करते. पण रक्त शिरेतून थेट आत येते. तेथे हा पहारेकरी काय करणार?

आता साधे गणित मांडावे. रक्ताच्या एका पिशवीतून, तिच्या आकारानुसार, साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. एखाद्या तरुण रुग्णास दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागत असतील तर वर्षाला सुमारे ३४ पिशव्या होतात, म्हणजे पाच ते सात ग्रॅम लोह. निरोगी माणूस जन्मभर जेवढे बाळगतो, त्याच्या दीडपट ते दुप्पट लोह एका वर्षात. दहा वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा.

रक्तातील वाहक प्रथिन या लोहाला काही काळ धरून ठेवते. त्याची धारणक्षमता संपली की मोकळे लोह मिळेल तेथे शिरते. यकृतात साठते, तेथे तंतू वाढून यकृत कठीण होऊ लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत शिरते, मग मुलाची उंची खुंटते आणि वयात येणे लांबते. स्वादुपिंडात साठले की मधुमेह होतो. आणि हृदयाच्या स्नायूत साठले की एके दिवशी ठोक्यांची लय बिघडते किंवा हृदय थकून जाते. या सगळ्यात शेवटचा भाग सर्वांत मूक आहे. हृदयात लोह भरत असताना छातीत दुखत नाही, टू-डी इको तपासणीत हृदयाची आकुंचनशक्ती पुष्कळ काळ उत्तम दिसते. 'इको नॉर्मल आहे' हे वाक्य ऐकून घरची मंडळी निर्धास्त होतात. प्रत्यक्षात इको बिघडतो तो उशिरा, नुकसान बरेच पुढे गेल्यावर.

गल्ला पाहून गोदामाचा अंदाज

लोहसाठा मोजण्याची सर्वत्र उपलब्ध असलेली तपासणी म्हणजे रक्तातील फेरिटिन. ती स्वस्त आहे, दर तीन महिन्यांनी करता येते, आणि करावीच. नियमित रक्त घेणाऱ्या रुग्णाचे फेरिटिन दीर्घकाळ २५०० नॅनोग्रॅमच्या वर राहिले तर हृदयाला धोका वाढतो, हेही अनुभवाने सिद्ध झालेले आहे. परंतु फेरिटिनचा आकडा हा गल्ल्यातल्या रोकडीसारखा आहे. रोकड पाहून धंदा बरा चालला आहे की नाही याची कल्पना येते. मागच्या गोदामात कोणता माल किती पडून आहे हे कळत नाही. साधा ताप, जंतुसंसर्ग किंवा यकृताची सूज एवढ्यानेही फेरिटिन चढते. उलट, आकडा समाधानकारक असूनही हृदयात लोह भरलेले असू शकते. व्यापारी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. वर्षातून एकदा प्रत्यक्ष मालमोजणी केल्याशिवाय ताळेबंदावर सही होत नाही.

पूर्वी ही प्रत्यक्ष मोजणी यकृताचा तुकडा काढून केली जाई. जाड सुईने यकृतातून लहानसा नमुना घ्यायचा, तो वाळवायचा आणि एका ग्रॅम शुष्क ऊतीत किती मिलिग्रॅम लोह आहे ते रसायनशाळेत काढायचे. निरोगी यकृतात हा आकडा साधारण १.८ च्या आत असतो. ७ च्या वर गेला तर चिंता, १५ च्या वर गेला तर गंभीर धोका, असे मानले जाते. पद्धत विश्वासार्ह होती, पण रक्तस्रावाचे भय होते, दरवर्षी मुलाला सुई टोचण्यास कोणते आईवडील राजी होणार हा प्रश्न होता, आणि यकृतात लोह सर्वत्र सारखे पसरलेले नसल्याने एका तुकड्यावरून काढलेला निष्कर्ष चुकण्याचीही शक्यता होती. हृदयाचा तुकडा काढण्याचा तर नित्यक्रम होऊच शकत नव्हता. अतिसंवेदनशील चुंबकमापक वापरणारे 'स्क्विड' नावाचे यंत्र काही देशांत आले, परंतु ते इतके महाग आणि अवघड की जगात मोजक्याच केंद्रांपलीकडे गेले नाही.

अडचणीतून वाट काढली ती एमआरआयने, आणि तीही एका गैरसोयीचा उपयोग करून. एमआरआयमध्ये शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनचे केंद्रक प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींनी उद्दीपित केले जातात. लहर थांबली की ते संकेत देतात आणि तो संकेत हळूहळू विरत जातो. आसपास लोह असेल तर चुंबकीय क्षेत्रात बारीक बारीक विषमता निर्माण होते आणि संकेत लवकर विरतो, चित्र काळवंडते. प्रतिमा सुंदर हवी असणाऱ्यांना ही डोकेदुखी होती. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डडली पेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळवंडण्याचेच माप घेतले. एका श्वासाच्या अवधीत हृदयाच्या एकाच छेदाच्या, ठरावीक सूक्ष्म अंतराने, साधारण आठ प्रतिमा घ्यायच्या आणि संकेत किती वेगाने विरला तो काळ मिलिसेकंदांत काढायचा. या काळाला टी-टू-स्टार म्हणतात. त्यांचा शोधनिबंध २००१ साली प्रसिद्ध झाला.

१.५ टेस्ला शक्तीच्या यंत्रावर निरोगी हृदयाचा टी-टू-स्टार साधारण ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. तो २० च्या खाली आला तर हृदयात लोह साठू लागले असे समजतात. १० च्या खाली आला तर स्थिती गंभीर. येथे एक गोष्ट घरच्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. फेरिटिनचा आकडा जितका कमी तितका चांगला, टी-टू-स्टारचा मात्र जितका कमी तितका वाईट. 'मागच्या वर्षी १४ होता, यंदा ८ झाला, म्हणजे उतरला' असे म्हणून पेढे वाटावेत अशी ही बातमी नव्हे.

२००१ च्या त्या अभ्यासाने वैद्यकीय जगाला दिलेला धक्का वेगळाच होता. यकृतातील लोह आणि हृदयातील लोह यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. कोणाचे यकृत भरलेले आणि हृदय स्वच्छ, तर कोणाचे यकृत जवळजवळ निरोगी आणि हृदय लोहाने गच्च. कारण यकृतात लोह लवकर येते आणि औषधाने लवकर निघते. हृदयात ते उशिरा शिरते, पण एकदा शिरले की निघता निघत नाही. अनेक वर्षे औषधात हयगय झालेल्या मुलाने पुढे नेटाने औषध घेतले तर यकृत आणि फेरिटिन सुधारतात आणि हृदय मागेच राहते. म्हणजे एका गोदामाची मोजणी करून दुसऱ्याचा साठा लिहिता येत नाही, हे तेव्हा प्रथम आकड्यांनिशी कळले.

पुढे २००९ मध्ये ६५२ रुग्णांच्या पाहणीत असे दिसले की वर्षभरात ज्यांना हृदयक्षीणता झाली त्यांच्यापैकी ९८ टक्के रुग्णांचा टी-टू-स्टार १० मिलिसेकंदांच्या खाली होता. फेरिटिन आणि यकृतातील लोह यांना हे भाकीत इतक्या अचूकपणे करता आले नाही. २०११ मध्ये मोजमापाची खातरजमाही झाली. मृत्यूनंतर अथवा हृदयरोपणाच्या वेळी मिळालेली रुग्णांची १२ हृदये प्रथम एमआरआयमध्ये आणि मग रसायनशाळेत तपासली गेली, आणि मिलिसेकंदांचे रूपांतर लोहाच्या मिलिग्रॅममध्ये करणारे सूत्र निघाले. ज्या कुटुंबांनी दुःखाच्या त्या घडीला संमती दिली, त्यांच्या दानावर आज जगभरचे अहवाल लिहिले जातात. यकृतासाठी ऑस्ट्रेलियातील पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या टिम सेंट पिएर यांच्या गटाने वेगळी पण याच तत्त्वावरची पद्धत विकसित केली, तर लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयातील जॉन वूड यांनी यकृताबरोबर स्वादुपिंडाच्या मोजणीकडेही लक्ष वेधले. स्वादुपिंडात लोह शिरू लागणे ही हृदयासाठी आगाऊ सूचना ठरते, असे त्यांच्या कामातून पुढे आले.

या मोजणीचा उपयोग किती? ब्रिटनमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांची नोंदवही पूर्वीपासून काटेकोर आहे. तेथे २००० नंतर लोहसंचयामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. केवळ छायाचित्र काढल्याने कोणी बरे होत नाही हे खरे. परंतु कोणाच्या हृदयावर संकट आहे हे आधी कळले, आणि त्यांनाच औषध वाढवून किंवा जोडीने देता आले.

औषध आहे, ते कोणास किती द्यावे

लोह बांधून बाहेर काढणारी तीन औषधे आज वापरात आहेत. डेस्फेरिऑक्झामिन हे सर्वांत जुने; त्वचेखाली सुई ठेवून पंपाने रात्रभर आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री द्यावे लागते. किशोरवयीन मुलाने वर्षानुवर्षे रात्री पोटावर सुई लावून झोपावे अशी अपेक्षा करणे सोपे आणि ती पूर्ण होणे कठीण. तोंडाने घ्यायचे पहिले औषध, डेफेरिप्रोन, मूळ इंग्लंडमधील संशोधनातून आले. पण रुग्णांच्या हाती गोळीच्या रूपाने पडले ते १९९० च्या दशकाच्या मध्यात, भारतात, मुंबईच्या सिप्ला कंपनीकडून. युरोप-अमेरिकेस त्यासाठी आणखी वाट पाहावी लागली. हृदयातील लोह काढण्यात हे औषध विशेष गुणकारी ठरले, आणि ते सिद्ध करण्यासही टी-टू-स्टारच उपयोगी पडले. मात्र काही रुग्णांत त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, म्हणून रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. तिसरे, डेफेरासिरॉक्स, दिवसातून एकदा घ्यायचे. त्यात मूत्रपिंड आणि यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते.

कोणते औषध, किती मात्रेत, एकेरी की जोडीने, हा निर्णय रक्तविकारतज्ज्ञांचा. पण तो निर्णय हृदयाचा आकडा हाती नसताना घ्यावा लागला, तर तज्ज्ञही अंधारात चाचपडतात. साधारणपणे मूल आठ ते दहा वर्षांचे झाले, श्वास रोखून स्वस्थ पडून राहू लागले, की पहिली तपासणी करावी आणि पुढे वर्षातून एकदा. आकडा १० च्या खाली असेल तर डॉक्टर ती सहा महिन्यांनीही सांगतात.

तपासणीचे भय बाळगण्यासारखे काही नाही. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, रंगद्रव्याचे इंजेक्शनही यासाठी लागत नाही. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि बोगद्यासारख्या जागेत साधारण अर्धा तास पडून राहावे लागते. मुलाला घरीच दहा-पंधरा सेकंद श्वास रोखण्याचा सराव खेळाखेळात करून घेतला तर प्रतिमा स्वच्छ येतात. साखळी, कडे, घड्याळ आणि औषधाचा पंप बाहेर काढून ठेवावा. तपासणी शक्यतो दरवर्षी एकाच केंद्रात करावी, कारण ३ टेस्लाच्या यंत्रावर हेच आकडे बरेच कमी येतात आणि १.५ टेस्लाच्या आकड्याशी त्यांची थेट तुलना करता येत नाही. अहवालात केवळ 'लोहाचे प्रमाण मध्यम' असे लिहून आले तर ते परत करावे. यंत्राची शक्ती, हृदयाचा टी-टू-स्टार मिलिसेकंदांत, यकृतातील लोह प्रतिग्रॅम मिलिग्रॅममध्ये आणि हृदयाची आकुंचनशक्ती हे चार आकडे त्यावर असलेच पाहिजेत.

आहाराविषयी घराघरांत फार चर्चा होते. शाकाहारी कुटुंबात लोह वाढण्याचे भय नाही, असा एक समज ऐकू येतो. वनस्पतिजन्य लोह आतड्यातून कमी शोषले जाते हे बरोबर आहे. पण ज्याला नियमित रक्त चढते त्याच्या बाबतीत रक्तातून येणारी आवक इतकी मोठी असते की ताटातल्या पालकाने खात्यात फारसा फरक पडत नाही. अशा मुलाचे खाणे तोडण्यापेक्षा त्याचे औषध चुकू न देणे महत्त्वाचे. जेवणाबरोबर चहा घेतल्याने शोषण थोडे घटते, तेवढे करावे. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत. त्या साठलेले लोह मोकळे करतात आणि ते हृदयाला बाधू शकते.

न सांगितलेली गोष्ट

थॅलेसेमिया मायनर हा आजार नव्हे; तो केवळ वाहकपणा. माणूस धडधाकट असतो, हिमोग्लोबिन थोडे कमी, लाल पेशी संख्येने भरपूर पण आकाराने लहान. अशा व्यक्तीस, विशेषतः घरच्या सुनेला, 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. वाहकासही खरी लोहकमतरता असू शकते, तेव्हा गोळ्या सरसकट वर्ज्य नाहीत; पण फेरिटिन आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी केल्याशिवाय त्या चालू ठेवणे म्हणजे मूळ कागद न पाहता खात्यात रक्कम जमा करीत राहणे होय.

भारतात दर शंभरांत तीन-चार व्यक्ती बीटा थॅलेसेमियाच्या वाहक असल्याचे सर्वसाधारण अनुमान आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा काही समाजांत ते प्रमाण याहून बरेच अधिक. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरीक करतो त्यात दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि व्यापारी समाजांचा तो रिवाज जुना आहे. पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मेजर मूल जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही.

तपासणी एकदाच करायची असते आणि तिचा निकाल आयुष्यभर बदलत नाही. सायप्रसने १९७० च्या दशकापासून हे काम हाती घेतले; पुढे तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. लग्न मोडा असे चर्च सांगत नाही. दोघांना माहीत असावे एवढेच पाहते. दोघे वाहक निघाले तरी विवाह करता येतो, आणि गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यात होऊ शकते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत असे गर्भनिदान दीर्घकाळ होत आले आहे. तरीही स्थळे पाहताना परिचयपत्रकात उंची, शिक्षण, मामाकुळ, व्यवसाय सगळे असते आणि हा एक आकडा नसतो. मुलीचे नाव खराब होईल म्हणून तो दडवला जातो. मेजर मूल असलेल्या घरातील निरोगी भावंडांचीही तपासणी कित्येकदा याच कारणाने टाळली जाते. वास्तविक ती भावंडे वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्यापैकी ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्याही यकृतात लोह साठते. हृदयात ते तुलनेने उशिरा पोहोचते. तेथील गरज मोठी आणि सोय तुटपुंजी आहे. मुंबईत बोरिवली येथे महापालिकेचे थॅलेसेमियासाठीचे स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत झाला, त्याचे प्रमाणपत्र पुष्कळ पात्र कुटुंबांनी अजून काढलेले नाही.

समाजाच्या अनेक धर्मादाय संस्था आज निदानकेंद्रे चालवतात आणि त्यांतील कित्येकांकडे १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्र आहे. गुडघा आणि मणका यांसाठी ते सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. टी-टू-स्टारसाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून प्रतिमा घेण्याची सोय, त्या मोजणीची संगणकप्रणाली आणि तिचा अभ्यास केलेला एक तंत्रज्ञ व एक क्ष-किरणतज्ज्ञ एवढी जोड लागते. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च लहान आहे. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत कोणी तरी केंद्रप्रमुखांना एवढे विचारावे, की ही प्रणाली आपल्या यंत्रात आहे काय, नसेल तर कंपनीकडून तिचे दरपत्रक कधी येईल, आणि शहरातील थॅलेसेमियाच्या मुलांसाठी महिन्यातील एक रविवार सकाळ सवलतीच्या दरात राखून ठेवता येईल काय.